बाटलीवरचा तोताराम

"घाम माह्या, तं नाव बी माह्यंच."

तोताराम पहिलवानाचं हे वाक्य आमच्या गावात पोरासोरांनाही पाठ होतं. तालमीत माती उकरताना तो हे म्हणायचा, गाडीचे बैल सोडताना म्हणायचा, आणि भाकर वाढायला उशीर झाला तरी म्हणायचा. मग त्याची आई गोजरबाई चुलीपुढून ओरडायची, "घाम तुह्या असंल बाप्पा, पर भाकर माही हाय. गपगुमान जेव."

धाडच्या बाजारातून डोंगराच्या अंगाने निघालं की पळसाच्या झाडांमधून एक पायवाट आमच्या गावाला उतरते. गाव लहान, पण तालीम मोठी. मारुतीच्या देवळामागे चिंचेच्या सावलीत ती उभी होती. तिच्या हौद्यातली माती आम्ही ताक, हळद आणि तिळाचं तेल घालून मळत असू. हिवाळ्याच्या सकाळी गडी घुमायला लागले की त्या मातीतून वाफ उठे, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटे, जमीनच श्वास टाकते आहे. नवं महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मुंबई कोणत्या दिशेला आहे हे आम्हाला नीट ठाऊक नव्हतं. पण आमच्या मातीतला गडी बीबीपासून धामणगाव बढ्यापर्यंत कुणाला हटत नाही, हे मुंबईला ठाऊक असणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

त्या काळी पहिलवानाला स्वतःचं नाव नसे. ज्याच्या घरचं दूध तो पिई, त्याचा तो पहिलवान. तोताराम लहान असतानाच त्याचे वडील गेले, तेव्हा भगवानराव पाटलांनी त्याला आपल्या म्हशीच्या दुधावर धरला. भगवानराव म्हणजे गावातली सगळ्यात मोठी शेती आणि सगळ्यात मोठ्या मिशा. त्या मिशांची टोकं अशी वर वळलेली असत की पोरं म्हणत, पाटील झोपतात तेव्हा मिशा खुंटीला टांगून ठेवतात.

कुस्त्यांच्या दंगलीत हलगी वाजवून पुकारा करायचं काम कचरूचं. त्याचा आवाज म्हणजे दोन शिवारांपलीकडची गाय मान वर करील असा. तोताराम आखाड्यात उतरला की कचरू हलगीवर टिपरी मारून ओरडे, "भगवानराव पाटलाचा पहिलवाऽऽन!" बस्स. पुढे काही नाही. पाहुणे विचारत, "गड्याचं नाव काय?" आमचे लोक सांगत, "आत्ताच तं सांगितलं. भगवानराव पाटील."

कुस्ती तोताराम मारी आणि फेटा पाटलांच्या डोक्यावर चढे. बक्षिसाचं घंगाळ गाडीत बसून पाटलांच्या वाड्यावर जाई, आणि तोताराम गाडीमागून चालत येई.

एकदा बीबीच्या दंगलीत त्याने एका आडदांड गड्याला असा आपटला की धूळ खाली बसायला वेळ लागला. लोक उठले, पाटलांना उचलून घेतलं, खांद्यावर नाचवलं. नाचताना पाटलांचे जोडे पडले. ते कुणी उचलावेत म्हणून लोकांनी इकडेतिकडे पाहिलं, तर अंगाला माती लागलेला एक गडी मोकळा दिसला. त्यांनी जोडे तोतारामच्या हातात दिले. तेवढ्यात एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "पोरा, पाटलाचे जोडे बरे सांभाळतं तू. त्याहीचा पहिलवान कुठं गेला, दिसत नाही?"

त्या दिवशी परतीच्या वाटेवर तोतारामने ते घामाचं वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. गाडीच्या चाकांच्या आवाजात पाटलांना ते ऐकू गेलं नाही. बैलांना मात्र गेलं असावं, कारण ते थबकले.

आता नुसतं वाक्य बोलून नाव मिळत नाही. तोताराम पुष्कळ दिवस विचार करत राहिला. त्याचं उत्तर घरातच, चुलीवरच्या लोखंडी कढईत उकळत होतं. गोजरबाई तिळाच्या तेलात निर्गुडीचा पाला, ओवा आणि लसूण घालून मालिशीचं तेल काढी. त्याचा वास एवढा जबर की कढई चढली की शेजारच्या घरातली मांजर गाव सोडून जाई. पण लचक, मुरगळ, चमक, काहीही असो, रात्री लावलं की सकाळी माणूस उठून चालायला लागे. सगळी तालीम ते तेल फुकट नेत होती.

तोताराम आईला म्हणाला, "माय, हे आपुन बाटलीत भरू. बाटलीवर माह्यं नाव टाकू. बाजारात इकू."

"तुह्यं नाव काऊन? तेल तं मी काढते."

तोतारामला जन्मात पहिल्यांदा त्याच्याच वाक्याने चीत केलं होतं. तो डोकं खाजवत बसला. शेवटी गोजरबाईच म्हणाली, "टाक तुह्यं. माह्यं नाव वाचून कोनी इकत घेनार हाय का? पर पैसा माह्या हाती द्यायचा."

दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून रिकाम्या बाटल्या आणल्या, गोजरबाईने त्या राखेने घासल्या. मग तोताराम एसटीत बसून बुलढाण्याच्या एका छापखान्यात गेला. छापखान्याचा मालक रमाकांत, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा सज्जन माणूस.

"चित्र हवं म्हणता? मग तुमच्या फोटोवरून ठोकळा करून आणावा लागेल. खर्च फार येईल. माझ्याकडे एका पहिलवानाचा तयार ठोकळा पडून आहे. कुठल्याशा ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिरातीसाठी केला होता. तो छापून देतो."

ठोकळा पाहिला तर लंगोट लावलेला, दंड फुगवलेला, छाती काढलेला पहिलवान. तोतारामसारखाच. फक्त त्याला मोठ्या, टोकं वर वळलेल्या मिशा होत्या, आणि तोतारामचा ओठ तळहातासारखा साफ.

"साहेब, ह्या मिशा काढता येतील का?"

"लाकडातल्या मिशा आहेत त्या. कोरून काढल्या तर नाकही जाईल."

तोतारामने क्षणभर विचार केला. "मंग छापा तशाच. मिशा मी वाढवतो."

चित्र माणसासारखं असावं असा जगाचा रिवाज आहे. आमच्याकडे माणूस चित्रासारखा व्हायला निघाला. तोतारामने मिशा राखल्या. त्या सरळ वाढायला तयार नव्हत्या. डावी वर गेली तर उजवी खाली येई. मग तो बाटलीतलंच तेल बोटावर घेऊन त्यांना वळण देई. त्यामुळे दिवसभर त्याच्या नाकाखाली लसूण घमघमे, आणि जेवायला बसला की भाजी कसली आहे ते त्याला कळत नसे.

धाडच्या बाजारात त्याने पोतं अंथरून बाटल्या मांडल्या. गिऱ्हाईक आलं की तो उठून शड्डू ठोकी. मांडीवरचा तो आवाज ऐकून मिरच्यावाल्या बायका दचकत. एका आजीने बाटली हातात घेतली, चित्र पाहिलं, मग तोतारामला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे लावून माह्या म्हाताऱ्याले असं अंग येईल का रे?"

"अंग नाही येनार आजी. दुखनं जाईल."

"बरं झालं. अंग आलं तं तो माह्यं ऐकनार नाही. दे एक बाटली."

बाटल्या खपू लागल्या. गोजरबाईने पैशातून पहिली गोष्ट कोणती घेतली असेल, तर म्हैस. काळी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. ती अंगणात बांधली त्या सकाळी तोताराम स्वतःच्या म्हशीचं दूध प्याला आणि त्याने रिकामा लोटा पालथा करून मला दाखवला. तो लोटा तेवढा मोठा नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावर संबंध तालुका जिंकल्याचं समाधान होतं.

ती म्हैस आली आणि पाटलांचं बोलावणं आलं.

भगवानराव ओसरीवर झोपाळ्यात बसले होते. "काऊन बे तोताराम, आता माह्या म्हशीचं दूध गोड लागत नाही?"

"गोड हाय पाटील. पर आता घरचं हाय. पुढच्या यात्रेत कचरूनं माह्यं नाव पुकारावं, एवढं मागनं घेऊन आलो."

"अन माह्यं?"

"तुमचं तं सातबाऱ्यावर हायेच."

ओसरीवरची माणसं हसली आणि पाटलांचा चेहरा लाल झाला. "लहानाचा मोठा केला मी तुले! हे खांदे माह्या दुधाचे हायेत. ते माह्याच नावानं चालतील!"

"दुधाचे उपकार मानतो पाटील. तुमच्या म्हशीच्या पाया पडतो. पर घाम माह्या, तं..."

"मालूम हाय, मालूम हाय!" पाटील उठून उभे राहिले. "असं कर. धामणगाव बढ्याचा पंजाबराव आपल्याकडं आनला हाय मी. यात्रेत त्याच्याशी लढ. जिकला तं तुह्यं नाव तुह्यं. हरला, तं जलमभर माह्या नावानं लढशील. अन ऐक, त्या बाटलीवर बी वर माह्यं नाव टाकशील. मोठ्या अक्षरात."

त्याचं नाव एवढंसंच होतं, नुकतंच मिळालेलं, कागदाच्या पट्टीवर डिंकाने चिकटवलेलं. ते गेलं तर पुन्हा गाडीमागून चालणं आलं. त्याने म्हशीची शपथ घेतली आणि शब्द दिला.

यात्रेच्या दिवशी नदीकाठ माणसांनी काळा झाला. बाभळीवर, गाड्यांवर, देवळाच्या पाराच्या कठड्यावर माणसं. कचरूने हलगी तापवली. एका बाजूने पंजाबराव उतरला, नांगरटीच्या ढेकळासारखा घट्ट आणि स्वभावाने गायीसारखा गरीब. दुसऱ्या बाजूने तोताराम, मिशांना ताज्या दिलेल्या वळणासह. सलामी झाली. मानेवर हात पडले. दोघे एकमेकांना रेटत आखाड्याभोवती फिरले, आणि लोकांचे श्वास त्यांच्याबरोबर फिरले.

तोतारामने पायांत हात घालून पट काढला. पंजाबराव खाली आला. तोताराम त्याच्या पाठीवर बसून हातपाय आवळून मोळी बांधणार, तेवढ्यात त्याचं नाक पंजाबरावच्या खांद्यापाशी गेलं आणि तो थांबला. त्याने पुन्हा हुंगलं. ओवा, निर्गुडी आणि लसूण! कुस्तीला तेल लावून उतरत नाहीत, पण आदल्या संध्याकाळी मालिश होते. आणि गोजरबाईच्या तेलाचा वास आंघोळीला जुमानत नाही.

"अबे," तोताराम त्याच्या कानात म्हणाला, "कोनाचं तेल लावलं?"

"मालूम नाही दादा," खालून पंजाबराव कण्हत म्हणाला. "शालूकाकू देतात रोज. पाटलाच्या गुडघ्याले आनतात, त्याच बाटलीतलं. मिशीवाली."

शालूबाई म्हणजे भगवानरावांच्या पत्नी. तोतारामला दिसलं की ज्या पाटलाने त्याच्या बाटलीविरुद्ध गडी उभा केला, तो स्वतः गुडघ्याला तीच बाटली चोळतो आहे आणि गडीही त्याच तेलावर पोसला आहे. त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसणाऱ्या माणसाच्या हातात जोर राहत नाही. पकड सैल पडली, पंजाबराव खालून वळला, आणि पुढच्या क्षणी तोताराम आकाशाकडे तोंड करून, मातीला पाठ लावून, खदखदा हसत पडला होता.

सगळी यात्रा थक्क झाली. हरून हसणारा पहिलवान कुणी पाहिला नव्हता. पंजाबरावही घाबरून गेला. "डोक्याले लागलं का दादा?"

मग तोतारामचं हसू ओसरलं. त्याने पाटलांकडे पाहिलं. पाटील मिशीला पीळ देत होते. नाव गेलं होतं.

दिलेला शब्द त्याने पाळला. दुसऱ्याच आठवड्यात पाटील त्याला घेऊन स्वतः बुलढाण्याला गेले. रमाकांतने चष्मा कपाळावर चढवला. "जागा कमी आहे हो. एवढं सगळं कसं बसवू?"

"माह्यं नाव वर. सगळ्यात मोठ्या टाइपात," पाटील म्हणाले. "याचं खाली, बारीक. नाही वाचता आलं तरी चालेल."

"चित्राच्या वर फक्त तुमचं नाव?"

"अगदी चित्राच्या डोक्यावर!"

तोतारामने ठोकळ्याकडे पाहिलं, मग पाटलांच्या मिशांकडे पाहिलं.

बाटल्यांच्या पट्ट्या छापून आल्या. वर ठसठशीत अक्षरांत 'भगवानराव पाटील'. त्याखाली लंगोटातला, दंड फुगवलेला, मोठ्या मिशांचा पहिलवान. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, 'यांचा पहिलवान तोताराम'. पाटलांनी पहिली बाटली देवघरात ठेवली.

सहा महिने बरे गेले. तेल चाललं होतं, देऊळगाव राजापर्यंत आणि तिथून खाली जालन्याच्या बाजूलाही पोचलं होतं. मग पाटलांच्या मुलीची सोयरीक जुळायची वेळ आली. जालन्याकडचं मोठं घर. पाटील कोट घालून, मिशांना वळण देऊन पाहायला गेले. सोबत मी आणि आणखी चार माणसं. दारात पाऊल टाकलं तोच नवऱ्या मुलाची आजी आतून बाहेर आली, डोळे बारीक करून पाटलांकडे पाहू लागली, आणि एकदम टाळी वाजवून म्हणाली,

"अगं बाई! हे तर आपले बाटलीवरचे! ओळखलं की नाही? कपडे घातलेत म्हणून कळंना!"

घरातल्या सगळ्या बायका दाराशी गोळा झाल्या. एकीने कोनाड्यातून बाटली आणली. चित्राकडे बघ, पाटलांकडे बघ. मिशा जशाच्या तशा. होणारे व्याही भिडस्त होते, ते एवढंच म्हणाले, "या वयात शरीर चांगलं राखलंत."

पाटील सांगू लागले, "तो मी नव्हे. तो माह्या पहिलवान." आजी म्हणाली, "लाजताय कशाला? नाव लिहिलंय की डोक्यावर!"

सोयरीक जुळली, ते आजीला तेल आवडत होतं म्हणून. परतताना एसटीत कंडक्टरने पाटलांकडे पाहून डोळा बारीक केला आणि म्हणाला, "बाटलीवाले ना? माझ्या कंबरेला फार गुण आला बघा." धाडला उतरलो तर पानवाल्याने तेच विचारलं. पाटील घरी पोचेपर्यंत त्यांनी उपरण्याने अर्धं तोंड झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर आले तेव्हा गावाने त्यांना आधी ओळखलंच नाही. मिशा गायब होत्या. ओठ असा उघडा पडला होता की जणू पाटील अंगरखा न घालता बसले आहेत. त्यांनी तोतारामला बोलावलं.

"तोताराम, ते नाव काढ बे बाटलीवरून."

"पाटील, शब्द जलमभराचा हाय. म्हशीची शपथ घेतली मी."

"मी सोडवतो शपथ."

"शपथ म्हशीची. तिले इचारा लागंल."

"अबे, गंमत नको करू!" पाटलांचा आवाज पडला. "सोयऱ्यात, गनगोतात, जिथं जाईन तिथं लोक मले लंगोटावर पाहून राह्यले. पोरीचं लगन हाय. मांडवात दोन हजार मानसं येतील. काय पाहिजे ते घे, पर माह्यं नाव मले वापस दे."

तोताराम त्यांच्यासमोर खाली बसला. तो चेष्टा करणार असं आम्हाला वाटलं होतं. पण तो हळूच म्हणाला, "कसं वाटते पाटील, आपलं नाव दुसऱ्याच्या अंगावर?"

पाटील ओठावरून हात फिरवत राहिले, जिथे मिशा नव्हत्या तिथे.

पुढच्या यात्रेत आखाडा पुन्हा भरला. कचरूने हलगीवर टिपरी मारली, छाती भरून घेतली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आवाज सोडला, "भगवानराव पाट..."

"अबे, गप!" गर्दीतून पाटीलच ओरडले. "माह्यं नाव घेशील तं हलगी फोडीन! फक्त तोताराम! नुसता तोताराम!"

कचरू गडबडला, घसा साफ केला आणि ओरडला, "नुसता तोतारामऽऽ!" लोक हसून लोळले. पण तोतारामच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. त्याने ते मातीच्या हाताने पुसलं, म्हणून त्या दिवशी तो डोळ्यांखाली दोन काळे पट्टे घेऊन लढला, आणि जिंकला. बक्षिसाचं घंगाळ गोजरबाईने स्वतः उचललं, कुणाला हात लावू दिला नाही. पंजाबराव तर पाटलांचं दूध सोडून धामणगाव बढ्याला परत गेला आणि मोटारस्टँडवर त्याने गरम दुधाचं दुकान काढलं. पाटीवर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव, आणि चित्र म्हणून एक म्हैस. ते चित्र मात्र त्याने खरी म्हैस समोर उभी करून काढवून घेतलं होतं.

दंगल आटोपली तेव्हा ऊन कलत होतं. तोतारामने अंग धुतलं, सदरा चढवला, आता नुसतंच 'तोताराम' छापलेल्या बाटल्यांची टोपली खांद्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी बीबीचा बाजार होता. आजच निघणं भाग होतं. "घाम माह्या," तो आम्हाला म्हणाला, आणि पुढचं न बोलताच पायवाटेला लागला. बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. पळसांच्या रांगेतून तो वर चढत गेला, लहान होत गेला, मग नुसती टोपली दिसायची, मग तीही नाही.

कचरू हलगी मांडीवर ठेवून पाहत होता. गोजरबाई घंगाळ डोक्यावर घेऊन पाहत होती. आणि पाराच्या कठड्याला टेकून भगवानराव पाटील पाहत होते. एका हाताने ते गुडघा चोळत होते, आणि सगळ्या पारावर ओवा, निर्गुडी आणि लसणाचा वास सुटला होता.